एका हातावर चौदा गाड्या

रविवार, १७ जानेवारी १९७१. संध्याकाळ.
ही डायरी खताच्या दुकानदाराने दादांना दिली. दादांनी पहिल्या पानावर हौशाला नाल मारल्याची तारीख लिहिली आणि डायरी मला देऊन टाकली. हौशा म्हणजे आमचा बैल. दादा म्हणजे वडील. हे लिहायची तशी गरज नाही, कारण वाचणारा मीच, पण पुढे मोठा माणूस झाल्यावर विसरलो तर असावं.

उद्यापासून शाळेत वाहतूक सुरक्षा सप्ताह. आमोस सरांनी आठवीचे दोन गट केलेत. एकाची प्रमुख दया, दुसऱ्याचा मी, कानिफनाथ. शनिवारी नगरहून मोटार खात्याचे साहेब येणार. ज्या प्रमुखाचं काम चांगलं, त्याला सर सव्वीस जानेवारीला स्वतः नगरला नेणार. परेड दाखवणार आणि चौकातला ट्रॅफिक पोलीससुद्धा. गोल ओट्यावर उभा राहणारा, पांढऱ्या बाह्यांचा. तो हात करतो आणि अख्खं नगर थांबतं, असं सर म्हणाले. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

मी नगरला एकदाच गेलोय. अडीच वर्षांचा होतो, अंगावर गोवर होता, काही आठवत नाही. म्हणजे न गेल्यातच जमा.

निवड माझीच होणार. दया सरांची मुलगी आहे. तिला निवडलं तर गाव नावं ठेवील, म्हणून सर तिला निवडू शकत नाहीत. बिचारीचं वाईट वाटतं.

रात्री ८. आईने दादांच्या जुन्या धोतराच्या पांढऱ्या बाह्या शिवून दिल्या. एक लांब झाली. लांब असलेल्या हाताने 'थांबा' करायचं ठरवलं.

सोमवार, १८ जानेवारी. सकाळी ९.३०.
ड्यूटी सात ते नऊ, शाळेच्या आधी. जागा : गावचा फाटा. इथून सरळ रस्ता साखर कारखान्याला जातो आणि डावीकडचा आमच्या शाळेला.

आमच्याकडची वाहतूक म्हणजे एस.टी. दोनदा, दूधवाल्याची सायकल एकदा आणि उसाच्या बैलगाड्या. माझा असिस्टंट गोरक्षनाथ म्हणाला, मग कंट्रोल कशाचा करायचा. त्याला मोठा विचार करता येत नाही. त्याला वही देऊन वाहनं मोजायला बसवलं.

फाट्याच्या बरोब्बर मध्यावर साळूबाई बोरांची पाटी घेऊन बसते. तिला समजावून सांगितलं की हा ट्रॅफिकचा मध्य आहे, इथे फक्त कंट्रोलर उभा राहतो. ती म्हणाली, तुझा बाप नागडा फिरत हुता तवापासून म्या हितं बसती, तूच जरा सरकून उभा ऱ्हा. सरकून उभा राहिलो. चुन्याने गोल आखायचा होता तो तिच्यासकट आखला. तिच्या शेजारी रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढलो. डबा बसका झाला, पण उंची मिळाली.

दूधवाल्याला हात केला. त्याने घंटी वाजवली आणि निघून गेला. घंटी वाजवली म्हणजे दखल घेतली.

मग सव्वासातला उसाच्या गाड्या आल्या. एकूण चौदा. सगळ्यात पुढे आमची. कारखान्याच्या वजनकाट्यावर पहिला नंबर लागावा म्हणून दादा पहाटे तीनला ऊस भरायला जातात आणि मग गाडीवर घोंगडी ओढून झोपतात. सगळेच गाडीवान झोपतात. बैलांना रस्ता पाठ आहे. पुढच्या गाडीमागे मागची, एवढंच त्यांना कळतं.

मी शिट्टी फुंकली. लांब बाहीचा हात वर केला.

हौशा थांबला.

अगदी माझ्यासमोर येऊन थांबला आणि छातीवरच्या खिशाकडे टक लावून बघत राहिला. खिशावर मी पुठ्ठ्याचा बिल्ला टाचला आहे. जनावराला अधिकार ओळखता येतो. त्याच्यामागे तेरा गाड्या थांबल्या. एका हातावर चौदा गाड्या, आणि एकही गाडीवान जागा झाला नाही!

खिशात आईने दिलेली गूळ-भाकरी होती. मला खायला वेळच झाला नाही, ती हौशाला बक्षीस म्हणून दिली. तो वासरू असल्यापासून माझ्या हातचं खातो. खाऊन झाल्यावर मी हाताने 'जा' केलं. तो गेला.

नगरचा पोलीस याहून वेगळं काय करत असेल?

मंगळवार, १९ जानेवारी.
आज परत. चौदाच्या चौदा थांबल्या. हौशाने आधी बिल्ला पाहिला, वास घेऊन खात्री केली. भाकरी दिली. नंतर सोडलं.

गोरक्षनाथच्या वहीतली नोंद : थांबलेली वाहनं १४. न थांबलेली : दूधवाला, एक शेळी. शेळी वाहन नाही असं मी म्हटलं, त्यावर तो म्हणाला, मग खोडू का. खोडायला लावलं.

शाळेत सरांना रिपोर्ट दिला. सर म्हणाले की बैलगाड्या थांबवायच्या नाहीत. त्यांना उशीर झाला तर नंबर मागे जातो, आपलं काम मोजायचं आणि मुलांना रस्त्याच्या कडेने चालवायचं. सर भले आहेत, पण ते वर्गात शिकवतात. फील्डवरची गोष्ट वेगळी असते.

दयाने काय केलं तेही लिहून ठेवतो, म्हणजे फरक कळेल. ती लहान मुलांची रांग करून त्यांना कडेने शाळेत आणते. शिट्टी नाही, बाह्या नाहीत. प्रत्येकाला नावाने हाक मारते. याला ट्रॅफिक म्हणत नाहीत.

बुधवार, २० जानेवारी.
दयाच्या गटाने काल संध्याकाळी कारखान्यावरून रिकाम्या परतलेल्या गाड्यांना मागून चुन्याचे पांढरे जाड पट्टे ओढले. अंधारात ट्रकवाल्याला गाडी दिसावी म्हणून. गाडीवानांनी स्वतः गाड्या उभ्या करून दिल्या म्हणे. दादांनीही. घरी येऊन दादा म्हणाले, मास्तरांची पोर लई गुनाची हाय. मी त्याच वेळी समोर बसलो होतो.

दुःख नाही. वाहतूक ही हाताची कला आहे, चुन्याची नाही. चुना पावसात जातो.

सकाळी पुन्हा चौदा. मी आता शिट्टीसुद्धा वाजवत नाही. नुसता हात करतो. गोरक्षनाथ म्हणाला, आता तू हात न करता बघ. त्याच्या मनात असूया आली आहे. असिस्टंट बदलावा का, असा विचार चालू आहे.

निश्चय : नगरला गेल्यावर त्या पोलिसाला आधी आपण होऊन सॅल्यूट करायचा नाही. त्याने केला तर करायचा.

गुरुवार, २१ जानेवारी. दुपारची सुट्टी.
आजची गोष्ट विसरण्यासारखी आहे, पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ठरवलं नसेल तर आज ठरवतो.

सर स्वतः फाट्यावर बघायला आले. मी आदल्या दिवशी जेवलो नव्हतो, कारण पट्ट्यांवरून दादांशी अबोला धरला होता. (दादांना तो कळला नाही.) त्यामुळे पहाटेच फार भूक लागली आणि आईची गूळ-भाकरी मी रस्त्यातच संपवली. ड्यूटीवर ताजातवाना उभा होतो. गाड्या आल्या. हात केला. हौशाने बिल्ल्यापाशी नाक आणलं, फुस्स केलं आणि सरळ चालू लागला. मागच्या तेराही गेल्या. सर डब्याजवळ उभे होते. मी डब्यावर होतो. हात वर होता.

सर म्हणाले, बरं झालं, थांबवू नकोस म्हणून सांगितलंच होतं.

कारण मी शोधलं आहे. सरांचा चष्मा. उन्हात काच चमकली आणि हौशा बुजला. दुसरं कारण असूच शकत नाही. साळूबाईचं म्हणणं, बैल बुजला तर पळतो, ह्यो तर रवंथ करीत गेला. तिने बोरं विकावीत.

शुक्रवार, २२ जानेवारी. सकाळ.
आज परत चौदा! (भाकरी न खाता गेलो होतो. उपाशीपोटी माणूस जास्त कडक दिसतो, हे लक्षात आलं.)

संध्याकाळ.
उद्याचा प्लॅन पक्का. शनिवारची सकाळची शाळा. साहेबांची जीप सव्वासात-साडेसातला फाट्यावरून शाळेकडे वळणार. त्याच वेळी गाड्या येतात. मी चौदा गाड्या एका हाताने थांबवणार, दुसऱ्या हाताने जीपला वाट देणार आणि मग सॅल्यूट. सॅल्यूटला तिसरा हात लागतो हे गोरक्षनाथने दाखवून दिलं. त्याची शिकवण चालू असते. क्रमाने करीन.

शाळेच्या फाटकाला आंब्याच्या पानांची कमान केली आहे आणि वर कापडी फलक : सावकाश चला, सुखरूप पोचा. मैदानावर दयाच्या गटाने चुन्याने रस्ते, चौक, पट्टे आखलेत. नकली गाव आहे. तिथे मुलं सायकलीच्या जुन्या रिंगा फिरवून मोटारी होणार. खरी वाहतूक फाट्यावर होणार आहे, हे साहेबांच्या लक्षात येईलच.

आईकडून उद्यासाठी दोन भाकरी आणि मुठीएवढा गुळाचा खडा मागून घेतला. ड्यूटी लांबली तर मला लागेल.

आईला सांगितलं की सव्वीसला मी नगरला जाणार. तिने दादांची दुसरी टोपी धुवायला टाकली, माझ्यासाठी. दादांनी जेवताना माझ्याकडे दोनदा बघितलं. मला वाटतं ते खूश होते.

शनिवार, २३ जानेवारी. दुपारी ३.
जे झालं ते क्रमाने लिहितो. लोक काहीही सांगतील.

सात वाजून अठरा मिनिटांनी गाड्या आल्या. हात केला. चौदाच्या चौदा उभ्या. दादा घोंगडीत, पाय तेवढे बाहेर. इथपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे.

जीप येईना. हौशाला एक भाकरी दिली. जीप येईना. अर्धी दिली. पाखऱ्याने, म्हणजे दुसऱ्या बैलाने, मान पुढे काढली, त्याला उरलेली अर्धी. जीप येईना. मागे कुणाचा तरी बैल हंबरला. साळूबाई म्हणाली, सोड रं गाड्या, नंबर जाईल त्यांचा. मी म्हटलं, दोन मिनिटं.

तेवढ्यात गोरक्षनाथ शाळेकडून पळत आला. जीप कालव्याच्या रस्त्याने केव्हाच आली. साहेब फाटकाशी उभे आहेत. नारळ फुटला.

मी डब्यावरून उडी मारली आणि शाळेकडे निघालो. पळालो नाही. कंट्रोलर पळत नाही. झपाझप चाललो, छाती पुढे, खिशात गुळाचा खडा. मागे वळून बघितलं नाही, कारण सावधानमध्ये मागे बघत नाहीत. मागून घुंगरांचा आवाज येत होता तो येत होता.

फाटकात दोन्ही बाजूंना शाळा रांगेने उभी. मी मधून गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते, तोंडं उघडी. मनात म्हटलं, अखेर कळलं यांना. साहेबांसमोर टाच आपटली आणि सॅल्यूट केला. साहेब माझ्या डोक्यावरून मागे बघत होते.

मागे कमान गेली. उसाचा भारा फलकात अडकला आणि आमची गाडी 'सावकाश चला, सुखरूप पोचा' पांघरून मैदानात आली. तिच्यामागे दुसरी. तिसरी. हौशा माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्या खिशाला नाक लावलं. बाकीच्या तेरा गाड्या आपापली जागा बघत नकली गावात शिरल्या. कारखान्यात जशा ओळीने उभ्या राहतात तशाच राहिल्या. शिस्तीने. हे कुणीच लक्षात घेतलं नाही.

मग दादा जागे झाले. समोर पँटवाले साहेब, भोवती गर्दी, गाड्यांची ओळ. त्यांना वाटलं कारखाना आला. खाली उतरले, टोपीतून उसाची पावती काढली आणि साहेबांच्या हातात दिली. म्हणाले, साहेब, आज पयला नंबर आपला, आदी आमचा काटा करा. साहेबांनी पावती वाचली. दोन्ही बाजूंनी वाचली.

इथून पुढे जरा गोंधळ झाला. चारशे मुलं आणि चौदा गाड्या ऊस, हे मी प्लॅनमध्ये धरलं नव्हतं. पाचवीच्या मुलांनी सुरुवात केली. कुणी ऊस उपसतंय, कुणी सोलतंय, सातवीतले दोन चौकावर बसूनच खात होते. हेडसरांनी शिट्टी मागितली. ती माझ्याकडे होती आणि वाजेना, आत गूळ गेला होता. गाडीवान एकेक करून उठत होते आणि उठल्याउठल्या विचारत होते, कुटं आलो. साहेब खुर्चीवर बसले आणि रुमालाने डोळे पुसू लागले. आधी वाटलं धूळ गेली. हसत होते.

फाटक एका गाडीपुरतं. चौदा भरलेल्या गाड्या उलट्या काढायच्या म्हणजे खेळ नाही. त्या दयाने काढल्या. फाटकात उभी राहिली आणि एकेकाला नावाने हाक मारून, काकासाहेब मामा तुम्ही थांबा, त्या मामांना आधी येऊ द्या, असं करत साडेदहापर्यंत शेवटची गाडी बाहेर. मी हेडसरांच्या खोलीतून देखरेख केली. खिडकीतून चांगलं दिसतं. मला तिथे उभं केलं होतं.

साहेबांनी भाषण केलं, थोडकंच. म्हणाले, इतकी वर्षं नोकरी झाली, एवढं हसलो नव्हतो. आणि गळ्यातला हार काढून हौशाच्या गळ्यात घातला. म्हणजे एका अर्थी मलाच. हौशाने तो झेंडूसकट खाल्ला.

रविवार, २४ जानेवारी.
दादांच्या गाडीचा काल सगळ्यात शेवटी नंबर लागला. संध्याकाळी सातला घरी आले. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, बैल तुज्या मागं आला, त्याचं काय चुकलं, आन् भाकर खाऊन गप पडले. आईने धुतलेली टोपी दोरीवरून काढली नाही.

नीट विचार केला तर आशा आहे. एवढी वाहतूक आजवर शाळेत कुणी आणली नव्हती. साहेब हसले. हार बैलाला दिला. दयाने काम केलं, पण ते माझ्यामुळे निघालं. शिवाय गावाने नावं ठेवण्याचा प्रश्न आहेच.

सोमवार, २५ जानेवारी.
दया जाणार. गावाने नावं ठेवली नाहीत. टाळ्या वाजवल्या. गाडीवानांपैकी दोघे तर मुद्दाम थांबले होते टाळ्या वाजवायला.

नंतर सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. रागावले नाहीत. विचारलं, गुरुवारी खिशात काय होतं? मी म्हटलं, काही नाही. आणि शुक्रवारी? मी म्हटलं, गूळ-भाकरी. आणि शनिवारी? मी सांगितलं. सरांनी खांद्यावर हात ठेवला आणि पाचवीच्या वर्गावर गेले.

भाकरीचा आणि ट्रॅफिकचा काय संबंध, ते मला कळलेलं नाही. कळून घ्यायचंही नाही. मला नगरला जायचं होतं. फार जायचं होतं. हे लिहून ठेवतो, कारण कुणी वाचणार नाही.

मंगळवार, २६ जानेवारी.
झेंडावंदन. सकाळी दया आणि सर एस.टी.ने गेले. मी फाट्यावर योगायोगाने होतो. एस.टी.ला हात केला नाही.

संध्याकाळ ६.३०. परत आली. मी योगायोगाने होतोच. पांढऱ्या बाह्यांचा पोलीस तिने पाहिला. ओट्यावर होता, गोल, अगदी तसाच. हात केला की सगळं थांबतं, ट्रक, टांगे, बैलगाडीसुद्धा. सर आणि ती अर्धा तास बघत उभे होते म्हणे. मी विचारलं, त्याच्या खिशात काय होतं? दया म्हणाली, खिसाच नव्हता दिसत, पट्टा होता. मग म्हणाली, पुढच्या वर्षी तू जाशील. ती वाईट नाही, हे मी आधीही म्हणत होतो.

बुधवार, २७ जानेवारी. सकाळी ८.
सप्ताह संपला. ड्यूटी नाही. तरी गेलो. बाह्या नाहीत, शिट्टी नाही, बिल्ला खिशावर तसाच. खिसा मात्र उलटा करून झटकला, कोपऱ्यातला तिळाएवढा गूळसुद्धा काढला.

गाड्या आल्या. आता कधी झोपायचं न्हाई म्हणून दादांनी शनिवारी शपथ घेतली होती. घोंगडीतून पाय बाहेर होते.

हात केला. हौशा आला. खिशाला नाक लावलं. एकदाच. मग गेला. त्याच्यामागे तेरा. सगळ्यांच्या पाठीवर दयाचे पांढरे पट्टे, एकामागून एक, लांबपर्यंत दिसत होते. मी हात वरच ठेवला होता. साळूबाई म्हणाली, आता खाली घे, गेल्या समद्या, आन् मूठभर बोरं माझ्या त्याच खिशात घातली.

तिथे रस्त्याला उतार असावा, म्हणून हौशा थांबला नसेल, असं लिहिणार होतो. पण तिथे चढ आहे.